गेळ्याचं पाणी

पानशेतच्या वरच्या अंगाला धरण मागं सरतं
तेव्हा चिखलात म्हशींच्या खुरांचे खळगे उरतात.
खळग्यागणिक वाटीभर पाणी,
वाटीगणिक गोगलगायी,
मिऱ्याएवढ्या, वाटाण्याएवढ्या,
ओल्या कवचांवर ऊन.

मी वाकून वेचत होते. ठकूबाई आखाडे म्हणाली,
"पुण्यात ह्याची भाजी करतेत का गं?"
म्हटलं, मारून बघायच्यात.
ती हसली नाही.
तिची मोरी शेजारीच उभी होती,
जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत,
पापणीच्या आतली लाली धुऊन गेलेली.
"खाती बी, रवंथ बी करती. आन् तरी आटती."

मी सांगत गेले:
गोगलगायीतून निघतो एक जंत, डोळ्याला न दिसणारा,
गवताच्या पातीला चिकटून ठिपका होतो,
पातीबरोबर पोटात,
पोटातून काळजात.
तिनं छातीवर हात ठेवला.
मी तो उचलून खाली आणला, बरगडीच्या कडेला, उजवीकडे.
इथलं काळीज.
"म्हंजे कलेजी," ती म्हणाली,
आणि हात तिथंच राहू दिला.

मग झुडपाकडे बोट केलं. काटेरी, पिवळ्या फळांचं.
"गेळा घाल. आमी पोरं असताना
ठेचून डोहात टाकायचो.
मासं उताणं यायचं, हातानं धरायचं."

स्वारगेटपर्यंत एसटीत मांडीवर बादली,
पायाशी पिशवीभर गेळफळं.
कंडक्टरनं बादलीत डोकावून तिकीट एकाचंच फाडलं.

प्रयोगशाळेत
फळं वाळवली, कुटली, चाळली.
पाण्यात ढवळली तर रिठ्यासारखा फेस.
नळाचं पाणी मात्र आदल्या रात्री उघडं ठेवावं लागतं,
क्लोरीन उडून जायला, नाहीतर गोगलगायी त्यानंच मरतात
आणि श्रेय फुकट गेळ्याला.
पाणी तिकडचंच. बादलीच्या आधी पोचलेलं.

आधी एकेकीला दिव्याखाली काचेच्या कपात ठेवलं.
बहुतेक नुसत्या बसून राहिल्या.
एकीतून धूर निघाला.
धूर नव्हे, शेपट्या,
शेकडो, वळवळत्या, उजेडाकडे.
ती शांत, शिंगं बाहेर काढून काच चाटत होती.
पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं:
अशीच्या अंगात अंडी धरत नाहीत,
जंत तिचा तो भाग आधी खाऊन टाकतो.
म्हणजे हीसुद्धा मोरीच.
तरी तिला मी चौथ्या बशीत टाकलं.

चोवीस तासांनी सुईचं टोक पायाला लावायचं.
आक्रसली तर जिवंत.
वीसपैकी अठरा आक्रसल्या नाहीत.
शेजारच्या बशीत, त्याच पाण्यात,
मळ्याची चार पिल्लं सोडली होती.
चारही उताणी.

दोन आठवडे मी अहवालाला हात लावला नाही.
मग परत गेले, मान खाली घालून सांगितलं,
तुमचं औषध मासेपण मारतं.
ठकूबाई गोठा झाडत होती, थांबली नाही.
"ते तर मीच तुला सांगितलं की.
व्हळात टाकाय कुणी सांगितलंय?
खुराच्या खळग्यात टाक. खळग्यात मासा कुठनं यील?
आन् टाकलं की आठ दिस म्हशी तिकडं सोडायच्या न्हाईत."
मग झाडू उभा करून, थोड्या वेळानं:
"मोरी गेली. शनवारी."

मी खळगे मोजले. दोनशे बारा.
चिमूट चिमूट भुकटी. बोटं फेसानं बुळबुळीत.

चौथ्या बशीतल्या वीसही जणींना, नियमाप्रमाणे,
चोवीस तास स्वच्छ पाण्यात ठेवलं होतं.
नियम का, तर काही जणी मेल्यासारख्या होतात, मरत नाहीत.
पहाटे भिंग लावलं.
सतरा नंबरनं आधी एक शिंग बाहेर काढलं,
मग दुसरं.
ही धुराची की दुसरी कुठली, ते आता सांगता येणार नव्हतं.
वहीतली अठरा मी खोडली.
सतरा लिहिली.